आत्मस्थितीचे पुस्तक
धर्मग्रामाच्या कुटुंबनोंदीचा इतिहास

ज्युबिलीच्या वर्षी धर्मग्रामाचे लक्ष साहजिकच आपल्या जुन्या दप्तराकडे वळते. कोनशिला कोणी बसविली, पहिला बाप्तिस्मा कोणत्या बालकाचा झाला, पहिला विवाह कोणत्या तारखेस लागला, या गोष्टी शोधून काढण्यात एक निराळाच आनंद असतो. तथापि दप्तराच्या कपाटात एक पुस्तक असे असते की, ज्युबिलीच्या उत्साहातही त्याच्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. त्यात समारंभांची वर्णने नसतात. नुसती घरे असतात. कोणत्या घरात कोण राहतो, त्याचे वय काय, कोण परगावी गेला, कोण नवा राहावयास आला, एवढेच त्यात लिहिलेले असते. लॅटिन भाषेत त्यास 'लिबेर स्तातुस आनिमारुम' असे नाव आहे. मराठीत त्यास 'आत्मस्थितीचे पुस्तक' म्हणता येईल. व्यवहारात आपण त्यास 'कुटुंबांची वही' म्हणतो. या वहीचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात ठेवावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा इतिहास केवळ गतकाळाचा नाही. आज आपल्या हातून व्हावयाच्या एका कामापर्यंत तो येऊन पोहोचतो.

प्रारंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बाप्तिस्मा, विवाह व मरण यांच्या पुस्तकांत घटना लिहिल्या जातात. घटना एकदा घडली, तिची तारीख, साक्षीदार व धर्मगुरूची सही पडली, की ती नोंद बहुतांशी पुरी झाली. शंभर वर्षांपूर्वीचा बाप्तिस्मा आजही जसाच्या तसा सापडतो, कारण तो घडून गेलेला आहे. कुटुंबांच्या वहीचे तसे नाही. तिच्यात जिवंत माणसे लिहिलेली असतात, आणि जिवंत माणूस एका जागी राहत नाही. तो वाढतो, लग्न करतो, घर बदलतो, नोकरीनिमित्त समुद्रापार जातो. म्हणून ही वही ज्या दिवशी लिहून पुरी होते, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती जुनी होऊ लागते. यामुळेच प्रत्येक धर्मग्रामात एक विचित्र प्रकार आढळतो: ज्यांना जाऊन शतक लोटले, त्यांचा शोध पाच मिनिटांत लागतो, आणि गेल्या वर्षी शेजारी राहणाऱ्याचा पत्ता महिनाभर खटपट करूनही मिळत नाही.

ही अडचण आजची नव्हे. पवित्र शास्त्रात 'गणना' नावाचा एक ग्रंथच आहे, आणि त्यात इस्राएल लोकांची मोजदाद एकदा नव्हे, दोनदा झालेली आहे. सीनायच्या रानात वीस वर्षांवरील, युद्धास योग्य अशा पुरुषांची पहिली गणना झाली, तेव्हा लेवीचा वंश सोडून 6,03,550 पुरुष भरले. सुमारे चाळीस वर्षांनी यार्देनेच्या काठी, मवाबाच्या मैदानात, दुसरी गणना झाली. तेव्हा 6,01,730 भरले. आकडे पाहिले तर फारसा फरक दिसत नाही. परंतु तोच ग्रंथ पुढे सांगतो की, पहिल्या यादीतील कालेब व यहोशवा या दोघांखेरीज एकही मनुष्य दुसऱ्या यादीत उरला नव्हता. संख्या जवळजवळ तीच, माणसे मात्र सगळी निराळी! ज्याने जुनी यादी हाती धरून वचनदत्त भूमीत पाऊल टाकले असते, त्याच्या हाकेला दोनच माणसांनी ओ दिली असती. केवळ संख्येवर समाधान मानणाऱ्या प्रत्येक संस्थेने या दोन गणनांचा विचार करावा.

आद्य ख्रिस्तसभेत नावांच्या नोंदीची गरज प्रथम भासली ती भाकरीच्या प्रसंगी. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्या शिष्यांची कुरकुर सुरू झाली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतो. ही तक्रार अन्न कमी पडल्याची नव्हती, वगळले गेल्याची होती. त्यावर प्रेषितांनी सात जण निवडून त्यांच्याकडे हे काम सोपविले. पुढे संत पौलाने तीमथ्याला पाठविलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीचा स्पष्ट उल्लेख येतो, आणि साठ वर्षांखालील स्त्रीचे नाव त्या यादीत घेऊ नये असा निर्बंधही आढळतो. म्हणजे पहिल्याच शतकात ख्रिस्तसभेजवळ नावांची यादी होती, तिचे नियम होते आणि ती सांभाळणारी माणसे होती.

तिसऱ्या शतकात रोम शहरातील ख्रिस्तसभेची स्थिती कशी होती, हे पोप कॉर्नेलियुस यांनी सन 251 च्या सुमारास अंत्योखियाच्या बिशपांस लिहिलेल्या पत्रावरून कळते. इतिहासकार युसेबियुस याने ते पत्र आपल्या ग्रंथात जतन केले आहे. त्यात 46 धर्मगुरू, 7 दीक्षित सेवक, 7 उपसेवक, 42 सहायक, तसेच भूतनिवारक, वाचक व द्वारपाल मिळून 52 अशी मोजदाद देऊन, शेवटी 1500 हून अधिक विधवा व गरजू यांचे पोषण ख्रिस्तसभा करते असे म्हटले आहे. तो काळ छळाचा होता. डेसियुस बादशहाच्या आज्ञेने झालेल्या छळाची जखम अजून ताजी होती. अशा दिवसांत नावांची यादी जवळ बाळगणे हे जिवावरचे काम. तरीही ख्रिस्तसभेने ती बाळगली, कारण यादी नसती तर दीड हजार तोंडांपैकी एखादे उपाशी राहिले असते आणि ते कोणास कळलेही नसते.

यापुढील उदाहरण महान संत ग्रेगरी यांचे. सन 590 ते 604 पर्यंत ते पोप होते. नवव्या शतकात योहान नावाच्या दीक्षित सेवकाने त्यांचे चरित्र लिहिले. तो सांगतो की, ग्रेगरींच्या काळची एक भली मोठी वही त्याच्या स्वतःच्या काळापर्यंत लातेरान राजवाड्यातील दप्तरात होती. जे कोणी साहाय्य घेत, त्यांची नावे, वये व व्यवसाय तीत लिहिलेले होते; रोम शहरातील, उपनगरांतील व दूरच्या नगरांतीलही. तोच चरित्रकार असेही सांगतो की, एकदा एक दरिद्री मनुष्य कोणाच्या लक्षात न येता कोपऱ्यात मरून पडलेला आढळला. तेव्हा त्या मरणाचा दोष आपल्याकडे घेऊन संत ग्रेगरी काही दिवस मिस्सा अर्पण करण्यापासून दूर राहिले. एवढी मोठी वही ज्यांच्या दप्तरात होती, त्यांनाही वहीबाहेर राहिलेला एक मनुष्य इतका बोचला. वहीचे खरे प्रयोजन त्यांनी ओळखले होते, यात संशय नाही.

मध्ययुगात या कामाला वार्षिक कालक्रम लाभला. सन 1215 च्या चौथ्या लातेरान परिषदेने असा नियम केला की, समज आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्रीपुरुषाने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे व ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तशरीर स्वीकारावे. कोणी आले व कोणी आले नाही हे कळण्यासाठी धर्मगुरूस आपल्या हद्दीतील माणसे ठाऊक असणे प्राप्तच झाले. तेव्हा उपवासकाळात घरोघर जाऊन नावे लिहून घेण्याची चाल ठिकठिकाणी पडली. नंतर त्रेंतच्या परिषदेने सन 1563 मध्ये दोन गोष्टी केल्या. जुलै महिन्याच्या बैठकीत तिने स्मरण दिले की, ज्याच्याकडे आत्म्यांची काळजी सोपविली आहे त्याने आपली मेंढरे ओळखावीत, ही ईश्वराचीच आज्ञा आहे. आणि नोव्हेंबर महिन्याच्या बैठकीत बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामात ठेवण्याचा नियम केला. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ यांनी आपल्या प्रांतात हे काम मोठ्या कसोशीने चालविले व कुटुंबवार नोंदीचा आग्रह धरला.

सन 1614 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी 'रोमन विधिग्रंथ' प्रसिद्ध केला. त्यात धर्मग्रामाने ठेवावयाची पाच पुस्तके नेमून दिली: बाप्तिस्म्याचे, दृढीकरणाचे, विवाहाचे, मरणाचे आणि आत्मस्थितीचे. या पाचव्या पुस्तकाचा जो नमुना त्या ग्रंथात दिला आहे, तो चारशे वर्षांनंतरही मन लावून वाचण्यासारखा आहे. प्रत्येक कुटुंब निरनिराळे लिहावे. एका कुटुंबाच्या व दुसऱ्याच्या नोंदीमध्ये मोकळी जागा सोडावी. कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, आडनाव व वय लिहावे. आणि जे त्या कुटुंबातील नसून पाहुणे किंवा उपरे म्हणून त्या घरात राहतात, त्यांचेही लिहावे. ज्यांस ख्रिस्तशरीर घेण्याची परवानगी मिळाली आहे त्यांच्या नावासमोर एक खूण करावी, ज्यांचे दृढीकरण झाले त्यांच्या नावासमोर दुसरी खूण करावी. आणि जे दुसऱ्या ठिकाणी राहावयास गेले, त्यांच्या नावाखाली रेघ ओढावी.

या साध्या सूचनांत तीन मोठ्या गोष्टी सामावलेल्या आहेत. पहिली, मोकळी जागा. ही वही पुढे भरावयाची आहे, घरात लेकरू जन्मेल, सून येईल, म्हणून जागा आधीच राखून ठेवावयाची. अर्थात वही अपुरी राहणार हे गृहीत धरूनच ती मांडलेली आहे. दुसरी, उपऱ्यांची नोंद. घराचा मालक तेवढा धर्मग्रामाचा आणि भाडेकरू किंवा चाकर कोणाचाच नाही, असे त्या ग्रंथाला मान्य नव्हते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, रेघ. जो गेला त्याचे नाव खोडावयाचे नाही. त्याच्या नावाखाली रेघ ओढावयाची. नाव खोडले की मनुष्य नाहीसा होतो. रेघ ओढली की तो कोठे तरी आहे, येथे नाही, एवढेच कळते. आणि तो कोठे आहे, हे विचारण्याची जबाबदारी वहीवर राहते.

हा प्रवाह आपल्या भूमीत कसा आला, हे आता पाहू. सन 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई व तिचा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. 1567 साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि त्रेंतच्या परिषदेचे निर्णय पूर्वेकडील ख्रिस्तसभेत अमलात आणण्याची व्यवस्था सुरू झाली. पोर्तुगीज परंपरेत उपवासकाळी विगाराने तयार करावयाच्या नावांच्या यादीला 'रोल' म्हणत. ईस्टरपूर्वीचे पापनिवेदन, ज्यास आपली जुनी माणसे 'कुमसार' म्हणतात, ते कोणी केले हे त्या रोलावरून कळे. सन 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर युरोपीय व्रतस्थ धर्मगुरूही गेले, आणि उत्तर कोकणातील धर्मग्राम गोव्याकडील देशी धर्मगुरूंनी सांभाळले. राज्य बदलले, किल्ल्यावरील निशाण बदलले. पण ज्या धर्मगुरूस गावातील घरे ठाऊक होती, त्याच्याभोवती धर्मग्राम टिकून राहिला. तटबंदी पडते तेव्हा ओळख उपयोगी पडते, हा या घटनेचा धडा होय.

यानंतर मुंबई इलाख्यात पाद्रुआदो व प्रोपागांदा यांचा दीर्घ वाद उद्भवला. पाद्रुआदो म्हणजे पोर्तुगालच्या राजाश्रयाखालील अधिकार, आणि प्रोपागांदा म्हणजे रोमच्या थेट देखरेखीखालील अधिकार. सन 1886 च्या करारानंतरही मुंबईत दोन्ही अधिकार शेजारी शेजारी नांदत राहिले. वांद्र्यात संत आंद्र्याचे चर्च पाद्रुआदोचे, तर संत पेत्राचे प्रोपागांदाचे. अशा स्थितीत एखादा मनुष्य कोणत्या गल्लीत राहतो, एवढ्यावरून तो कोणत्या विगाराचा, हे ठरत नसे. त्याचे कुटुंब मूळ कोणत्या अधिकाराखालचे, हे पाहावे लागे. एकाच रस्त्यावरील दोन घरे दोन निराळ्या वह्यांत असत. 1928 साली रोम व पोर्तुगाल यांच्यात करार होऊन मुंबईतील हा दुहेरी अधिकार संपुष्टात आला. तेव्हापासून सामान्यतः हद्द हीच खूण झाली: जो या सीमेत राहतो तो या धर्मग्रामाचा. हा नियम सोपा खरा, परंतु त्याचे एक ओझे आहे. हद्दीवरून माणूस ठरवावयाचा तर हद्दीत कोण राहतो, हे दरसाल पाहिले पाहिजे.

माणसांची चलबिचल तर त्याआधीच सुरू झाली होती. सन 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि लाखो लोक शहर सोडून बाहेर पडले. गावठाणांतून त्या साथीच्या आठवणीचे क्रूस आजही उभे आहेत. पुढे गिरण्या, रेल्वे व गोदी यांनी माणसे शहरात ओढली. 1970 नंतरच्या दशकांत आखाती देशांनी ती समुद्रापार नेली. आणि आता जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभारण्याच्या कामात एकेका वाडीतील सगळी घरे दोन-तीन वर्षांसाठी चहूकडे पांगतात. ज्या काळी घर पिढ्यानपिढ्या एकाच जागी असे, त्या काळीही विधिग्रंथाने रेघेची सोय करून ठेवली होती. मग आजच्या काळी तिची गरज किती वाढली आहे, हे निराळे सांगावयास नको.

येथे धर्मग्रामातील मंडळे व संघ यांचाही विचार केला पाहिजे. सन 1563 मध्ये रोम येथे येशूसंघाचे जॉन लेउनिस यांनी विद्यार्थ्यांचे मरियासदन स्थापन केले. 1833 साली पॅरिस येथे फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी गरिबांच्या घरी जाऊन भेट घेण्याचे व्रत घेतले व त्यातून संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था निर्माण झाली. 1921 साली डब्लिन येथे मरियेची सेना उभी राहिली. या सर्वांच्या शाखा आपल्याकडे रुजल्या. सन 1917 च्या धर्मविधान संहितेने अशा संघांबद्दल एक कडक नियम घालून दिला होता. सभासद घेतला हे सिद्ध होण्यासाठी त्याचे नाव संघाच्या पटावर लिहिलेच पाहिजे. आणि संघास कायदेशीर अस्तित्व दिलेले असेल, तर नाव लिहिल्यावाचून सभासदत्व मुळी वैधच होत नाही. नाव पटावर येणे ही कारकुनी बाब नसून तेच संघात प्रवेश करणे होय, असा याचा अर्थ. आता जो पट इतका मोलाचा, त्यात वारलेल्यांची नावे जिवंतांत राहिली, गेलेल्यांची नावे हजर म्हणून चालू राहिली, आणि नव्यांची नावे कोणी लिहिलीच नाहीत, तर त्या संघाची बैठक कोणाची, ठराव कोणाचा व वर्गणी कोणाची, याचा मेळ कसा बसणार? अनेक संघ भांडणाने मोडत नाहीत. त्यांचा पट जुना होतो आणि ते हळूहळू विरून जातात.

विधिसंहितेने पुढे काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. सन 1907 मध्ये पोप दहावे पायस यांच्या काळी 'ने तेमेरे' हा निर्णय निघाला व 1908 च्या ईस्टरपासून तो लागू झाला. त्याअन्वये विवाह जेथे लागेल तेथील धर्मगुरूने, वधूवरांचा बाप्तिस्मा जेथे झाला तेथे कळवावे व तेथील पुस्तकाच्या समासात ती नोंद व्हावी, असे ठरले. म्हणजे घटनेच्या पुस्तकालाही एक जिवंत समास मिळाला; मनुष्य कोठेही गेला तरी त्याच्या जन्मग्रामाशी त्याचा धागा जोडलेला राहिला. 1917 च्या संहितेने धर्मगुरूस आत्मस्थितीचे पुस्तक शक्य तितके अचूक ठेवण्यास सांगितले. वर्षअखेरीस धर्मग्रामाच्या पुस्तकांची अधिकृत प्रत बिशपांच्या कार्यालयात पाठवावयाची होती. त्यातून मात्र एकच पुस्तक वगळले होते, आणि ते आत्मस्थितीचे. याचे कारण संहितेत दिलेले नाही. परंतु जे पुस्तक वर्षअखेरीसही पुरे होत नाही त्याची प्रत ती काय काढावयाची, असे वाटल्यावाचून राहत नाही.

सन 1983 च्या नव्या संहितेने आत्मस्थितीच्या पुस्तकाचा नावाने उल्लेख केलेला नाही. तथापि धर्मगुरूने आपल्या लोकांस ओळखण्याचा यत्न करावा, त्यांच्या कुटुंबांस भेटी द्याव्यात, त्यांच्या चिंता व दुःखे यांत सहभागी व्हावे, असे तिने सांगितले आहे. वहीचे नाव गेले, तिचे काम मात्र राहिले. याच संहितेने आणखी एक नियम दिला आहे, तो फार थोड्यांस ठाऊक असतो. जो मनुष्य एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत निदान तीन महिने राहण्याच्या हेतूने आला, किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिला, त्यास तेथे वास्तव्याचा हक्क मिळतो आणि तेथील धर्मगुरू त्याचा स्वतःचा धर्मगुरू होतो. अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेऊन राहणारी परिचारिका, वसतिगृहातील विद्यार्थी, दूरच्या राज्यातून बांधकामावर आलेला कॅथलिक मजूर, हे सर्व आपल्या धर्मग्रामाचे पाहुणे नव्हेत, सदस्य आहेत. त्यांची नावे वहीत नसणे हा आपल्या वहीचा दोष होय.

कोणी म्हणेल, सरकारी दप्तर आहे, मग हे कशाला? सरकारने 1969 च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंद सर्वत्र सक्तीची केली आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचा एक भार हलका झाला, हे खरे. शिरगणतीही होते. परंतु शिरगणती 'किती' हे विचारते, आणि 1948 च्या कायद्यानुसार व्यक्तीची माहिती गुप्त ठेवते. धर्मग्रामास 'कोण' हे ठाऊक असावे लागते. कोण आजारी आहे, कोण एकटा राहतो, कोणत्या घरी बाळ जन्मले, कोणाच्या दारात नुकतेच मरण येऊन गेले, हे कोणत्याही सरकारी कोष्टकात सापडत नाही.

प्रिय धर्मबांधवहो, आता आपल्या घरचे पाहू. ज्युबिलीची निमंत्रणे घरोघर गेली, तेव्हा त्यांतील काही लिफाफे 'या पत्त्यावर कोणी राहत नाही' अशा शेऱ्यासह परत आले. काही दूरध्वनी क्रमांक बंद लागले. काही क्रमांक दुसऱ्याच कोणाच्या हाती गेलेले निघाले. हे केवळ आपल्याच धर्मग्रामाचे वैशिष्ट्य नाही. जेथे जेथे अशी निमंत्रणे निघतात, तेथे तेथे हेच घडते. निमंत्रण परत आले तर एक सण चुकतो, एवढेच. परंतु वाडी पाडल्यावर भाड्याच्या खोलीत गेलेली म्हातारी अंथरुणास खिळते, आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर नेणाऱ्यांच्या यादीत तिचा जुनाच पत्ता असतो. तेव्हा तिचे काय चुकते, याचा विचार करावा. ती वाट पाहत असते, आणि तिकडे बंद दार ठोठावून धर्मगुरू परत फिरलेला असतो. 2020 च्या मार्चमध्ये साथीमुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा माणसापर्यंत पोहोचण्याचा एकच मार्ग उरला होता, आणि तो वहीतील क्रमांकाचा होता. ज्याचा क्रमांक खरा, त्यास हाक पोहोचली.

म्हणून ज्युबिलीनिमित्त एक विनंती करावीशी वाटते. दगडाचे स्मारक उभारणे हे योग्यच. पण त्याच्या जोडीस कुटुंबांची वही नव्याने लिहून काढावी. रीत फार अवघड नाही. जुन्या विगारांप्रमाणे उपवासकाळ हाच काळ ठरवावा, कारण जे काम ठरलेल्या ऋतूत होत नाही ते कधीच होत नाही. प्रत्येक वाडीतील वा इमारतीतील छोट्या ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखाने आपल्या वीसपंचवीस घरी स्वतः जावे आणि तीनच प्रश्न विचारावेत: या घरी आता कोण राहते? कोण गेले, व कोठे? कोण नवे आले? प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या तारखेस पडताळली, हे लिहावे. तारखेवाचून पत्ता म्हणजे वर्षावाचून दाखला. एका घरचे दोन क्रमांक घ्यावेत, त्यांतला एक घराबाहेरील जवळच्या नातलगाचा असावा. जो दुसऱ्या धर्मग्रामात गेला त्याच्याविषयी तेथील धर्मगुरूस दोन ओळी लिहाव्यात. संगणकात नोंद ठेवावी, परंतु वर्षातून एकदा कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. मंडळांनी आपापल्या वार्षिक सभेपूर्वी आपला पट या वहीशी ताडून पाहावा, म्हणजे एकाच मनुष्याचे तीन पत्ते तीन ठिकाणी राहणार नाहीत.

याबरोबर एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. माणूस आपला पत्ता व क्रमांक देतो, तो विश्वासाने देतो. तो ज्या कामासाठी घेतला त्याच कामी यावा. विक्रेता, निवडणुकीचा उमेदवार किंवा विवाहाचा मध्यस्थ यांच्या हाती तो जाऊ नये. भारत सरकारनेही 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आहे. परंतु आपणांस त्याहून जुना कायदा बांधतो, तो म्हणजे विश्वासघात न करण्याचा. वही कोणी पाहावी, किल्ली कोणाजवळ असावी, हे धर्मग्रामाच्या परिषदेने ठरवून लिहून ठेवावे. ज्याला आपली माहिती द्यावयाची नाही, त्याच्यावर जुलूम करू नये. पण त्यासही भेटीस जाण्याचे सोडू नये.

आणि शेवटी त्या रेघेविषयी. आपल्या धर्मग्रामातून गेलेली कितीतरी कुटुंबे आज दूर मुलखात आहेत. वही नव्याने उतरविताना त्यांची नावे गाळून टाकण्याचा मोह होईल. संगणकावर तर एका बोटाच्या स्पर्शाने नाव नाहीसे होते. तसे करू नये. जुन्या विधिग्रंथाप्रमाणे त्यांच्या नावाखाली रेघ ओढावी, नव्या ठिकाणाचे नाव लिहावे, आणि ज्युबिलीच्या मिस्सेत जिवंतांच्या व मृतांच्या स्मरणाबरोबर रेघेच्या नावांचेही स्मरण करावे. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारतो, असे प्रभू येशूने सांगितले आहे. कळप मोजून तो थांबत नाही. हाक मारावयाची तर नाव ठाऊक हवे, आणि ती ऐकू जावयाची तर मेंढरू कोठे आहे, हेही ठाऊक हवे.

पुढील ज्युबिलीच्या वेळी आपल्यापैकी पुष्कळ जण येथे नसतील. त्या वेळी जे धर्मगुरू व जे धर्मबांधव हे कपाट उघडतील, त्यांस या वर्षाची वही स्वच्छ अक्षरात लिहिलेली, दर पानावर तारीख असलेली आणि दोन कुटुंबांमध्ये मोकळी जागा सोडलेली सापडो, व त्या जागेत लिहावयास नवी नावे त्यांस लाभोत, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.